पहिलं पाणी

तावड्यांच्या हातात धातूची कोणतीही वस्तू पडली की ते आधी ती खरवडून बघत. मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी माझा नवाकोरा जेवणाचा डबा त्यांच्या तावडीत सापडला. मी हात धुऊन येते तर हे गृहस्थ खिशातल्या छोट्या चाकूनं डब्याच्या बुडावर रेघ ओढताहेत. "अहो, काय करताय?" मी ओरडलेच. ते शांतपणे म्हणाले, "स्टील आहे, बाई. चांगलं आहे." जणू मी विचारलंच होतं. डबा मावशीनं लग्नात दिलेला होता. पुढे कितीतरी वर्षं मी त्यातून पोळीभाजी नेली आणि ती रेघ दिसली की तावड्यांना मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली.

अंधेरीतल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि श्रीधर तावडे तिथल्या प्रयोगशाळेचे सहायक होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ. माझ्याकडे डिग्री, त्यांच्याकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट; मी सव्वीस वर्षांची, ते पन्नाशीला टेकलेले. प्रत्यक्षात पहिले सहा महिने त्यांनीच मला शिकवलं, आणि तेही मला कमीपणा न आणता. "बाई, आम्ल आधी आणि पाणी मागून असं घालणार आहात ना? घाला, घाला. मी फक्त जरा लांब उभा राहतो." मग मी गुपचूप आधी पाणी घ्यायची.

अंगात नेहमी राखाडी बुशशर्ट. वरच्या खिशात चाकू, एक घोड्याच्या नालासारखं लोहचुंबक आणि पेन्सिलीचा तुकडा. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची त्यांची एक तऱ्हा होती. बाटलीत काय आहे ते तर सगळेच लिहितात. तावडे त्याखाली काय नाही तेही लिहीत. 'मीठ. साखर नव्हे.' 'स्पिरिट. पाणी नव्हे.' एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "तावडे, फळ्यावरही लिहा, फळा. खिडकी नव्हे." ते हसले नाहीत. म्हणाले, "माणूस चुकतो तो आहे त्यात नाही चुकत, बाई. नाही त्यात चुकतो." मला तेव्हा ते वाक्य फार शहाणपणाचं वाटलं नव्हतं आणि आजही त्याचा अर्थ नीट सांगता येणार नाही.

देवाधर्माच्या बाबतीत स्वारी कोरडी. शाळेत सत्यनारायण असला की हात मागे बांधून भिंतीला टेकून उभे राहायचे, प्रसाद मात्र दोनदा घ्यायचे आणि "रवा छान भाजलाय" एवढा अभिप्राय द्यायचे. मुख्याध्यापकांना ते खटकायचं. पण तावड्यांना बोलायची कोणाची टाप नव्हती, कारण एका तपासणीच्या वेळी त्यांनी अख्ख्या शाळेला वाचवलं होतं.

झालं असं की तपासणीला आलेले साहेब प्रयोगशाळेत येऊन बसले ते उठेचनात. यादीतल्या दुर्बिणी कुठे आहेत, तराजू किती आहेत, काय विचारतील ते. दुर्बिणी मुख्याध्यापकांच्या घरी होत्या, त्यांच्या मुलाच्या हट्टापायी. मुख्याध्यापकांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. कोपऱ्यात कीपचं उपकरण होतं, तीन काचेचे फुगे एकावर एक ठेवल्यासारखं. त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू निघतो. तावड्यांनी आदबीनं विचारलं, "साहेब, एक प्रात्यक्षिक दाखवू?" आणि तोटी उघडली. दोन मिनिटांत साहेब रुमाल नाकाला लावून जिन्यावर. शेरा 'समाधानकारक'. मुख्याध्यापकांनी तावड्यांचा हात हातात घेतला तेव्हा हे म्हणाले, "वायू शुद्ध होता."

घराबद्दल ते चकार शब्द काढत नसत. एका संक्रांतीला त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, हळदीकुंकवाला बोलावलं म्हणून मी गेले तेवढंच. जुनी दुमजली इमारत, गोमती निवास. वर चार खोल्या, खाली चार, पुढे लाकडी गॅलरी. तावड्यांचे वडील गिरणीतून सुटल्यावर मालवणाकडून कुटुंब घेऊन इथे आले, पागडी देऊन वरची खोली घेतली, आणि तेव्हापासून हे इथेच. वहिनी ठेंगण्या, सुरेख, पण इतक्या हळू बोलणाऱ्या की आपणच आवाज उतरवावा. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, तिळगूळ दिला. तेवढ्यात एक पाच महिन्यांची गरोदर मुलगी आत आली. वहिनींनी हातातला करंडा चटकन शेजारच्या काशीबाईंकडे दिला आणि स्वतः चूल बघण्याच्या निमित्तानं आत गेल्या. चुलीवर काहीच नव्हतं, मला दिसत होतं.

जिना उतरताना काशीबाईंनी मला सांगितलं. नंदा ही एकच मुलगी जगली. तिच्यानंतर तीनदा दिवस गेले नि तिन्ही वेळा पोटातच गेलं. सासू होती तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हिच्या कुशीत काय टिकणा नाय." नवससायास झाले, नागबळी झाला, सोमवार झाले. सासू गेली, पण वहिनींनी तिचं म्हणणं स्वतःच पुढे चालवलं. दुसऱ्याच्या गरोदर लेकीसुनेला आपला हात लागू द्यायचा नाही, बारशाला पाळण्याजवळ जायचं नाही. "आता ह्या बिल्डिंगीत माजे पण दोन गेलेले," काशीबाई म्हणाल्या, "पण माजी सासू आधीच मेलेली म्हणून वाचलंय."

पुढच्याच वर्षी गोमती निवाससमोरचा रस्ता पाण्याची मोठी वाहिनी घालायला खणला गेला. तावडे सकाळी शाळेला निघाले आणि खड्ड्याशी थबकले. मोठ्या वाहिनीतून एक नळी निघून इमारतीच्या पायाकडे गेली होती. लोखंडी नळी वळवायची तर कोपरा जोडावा लागतो. ही नुसतीच वाकली होती, गाईच्या आतड्यासारखी. जोडाच्या जागी कांद्याएवढी गुळगुळीत गाठ. तावडे बुशशर्टासकट खड्ड्यात उतरले. खणणारे हसायला लागले. यांनी चुंबक लावलं, ते घसरून पडलं. चाकूच्या मुठीनं ठोकलं तर खण आवाज येण्याऐवजी नुसतं थप झालं. मग पात्यानं खरवडलं. राखाडी साल निघाली आणि आतून चांदीसारखी लखलखीत रेघ दिसली. नख रुतवलं तर नखाची खूण उमटली.

त्या दिवशी पहिल्या तासाला ते आलेच नाहीत. दुसऱ्या तासाला आले ते मातीनं माखलेले. मला म्हणाले, "शिसं आहे, बाई. अख्खी नळी शिशाची."

मी म्हटलं, "कोणती नळी?"

"माझी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन काचेच्या बाटल्या आणल्या. आमच्या भागात तेव्हा पाणी पहाटे साडेचारला यायचं ते जेमतेम पाऊण तास. उरलेला सगळा वेळ पाणी नळीत पडून असायचं. एका बाटलीत नळ सोडल्याबरोबर आलेलं पहिलं पाणी होतं, दुसरीत अर्ध्या तासानं भरलेलं. तिसरं त्यांनी शाळेच्या नळाचं घेतलं. तिन्ही उंच नळकांड्यांत ओतली, प्रत्येकात व्हिनेगरचे चार थेंब घातले, "म्हणजे लोखंड मध्ये बोलत नाही," आणि कीपच्या उपकरणातून वायू सोडला. खाली पांढरा कागद ठेवला. मग मला पाठ फिरवायला सांगून नळकांड्यांची जागा बदलली आणि मला म्हणाले, "वरून बघा. कोणतं कुठलं ते मी सांगणार नाही. तुम्ही रंग सांगा."

मी वाकून पाहिलं. एक स्वच्छ. एकाला किंचित पिवळट झाक. आणि एक अगदी फिक्क्या कोऱ्या चहासारखं. मी सांगितलं तसं त्यांनी वहीत लिहून घेतलं. चहासारखं होतं ते पहिलं पाणी. तावडे स्टुलावर बसले. तो वास वर्गभर पसरला होता, पोरं नाकं दाबून खिदळत होती, आणि ते एकटक त्या नळकांड्याकडे बघत बसले होते.

आपल्याकडे पिण्याचं पाणी कधी भरतात? सगळ्यात आधी. पहाटे नळ आला की पहिला हंडा पिण्याचा आणि देवाचा. मग आंघोळीचं, मग भांड्यांचं, शेवटी कपड्यांचं. कोणी शिकवावं लागत नाही. उशिराचं पाणी मोरीला, पहिलं पाणी ओठाला. चोवीस तास शिशात मुरलेलं पाणी गोमती निवासातली आठ बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या सोवळेपणानं वेगळं काढून पीत होती.

त्यानंतर तावड्यांनी जे जे केलं त्याची मी साक्षीदार आहे. घरमालक विलेपार्ल्याला राहायचा. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं, "तावडे, सगळ्यांना खोल्या खाली करायला सांगा. नवी बिल्डिंग बांधतो, नळ चांदीचे लावतो." वॉर्डातल्या कचेरीत म्हणाले, वाहिनीपासून आतली नळी खासगी, बदलायला मालकाची सही आणा. मालक सही देईना. भाडेकरूंनी परस्पर बदलावी तर मालक त्यांना बेकायदा बांधकामावरून कोर्टात खेचायला टपलेलाच. सोडून जावं तर कुठे? शाळेच्या पगारात अंधेरीत दुसरी खोली मिळायची नाही, आणि जुनी कुलूपबंद ठेवली की सहा महिन्यांत मालक ती गिळणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, इथे तर आडही त्याचाच आणि विहीरही त्याचीच. बरं, इमारतीतल्या पुरुषांना सांगितलं तर एक म्हणाला, "आमचा आजोबा हेच पाणी पिऊन पंच्याऐंशी वर्षं जगला." दुसरा दबक्या आवाजात म्हणाला, "गप बसा यार, तावडे. माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायचीत. विषारी पाण्याच्या बिल्डिंगीतली पोरगी कोण करून घेणार?" बायकांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं पुरुषांनी आपसांत ठरवून टाकलं.

घरात त्यांनी एवढंच केलं की पहाटे उठून पहिल्या दोन बादल्या मोरीत सोडायला लागले. तिसऱ्या दिवशी वहिनी जाग्या झाल्या. देवाचं पाणी मोरीत ओततात म्हणून त्यांनी कानाला हात लावले, आणि त्या दिवसापासून नवऱ्याच्या आधी उठून हंडा स्वतः लावायला लागल्या.

"खरं कारण सांगून टाका ना," मी म्हटलं. मी तेव्हा तरुण होते, मला सगळं सोपं वाटायचं.

आम्ही दोघं बाटल्या धूत होतो. तावड्यांनी हातातली बाटली विसळून पालथी घातली. मग म्हणाले, "दिवस गेले की तिला उठवत नसे. मग पहाटेचं पाणी मी भरायचो. तिन्ही वेळा मी भरलंय. पहिला हंडा भरून पेला तिच्या उशाशी नेऊन ठेवायचो, घे म्हणायचो, ताजं आहे. आता काय सांगू, बाई? तुझी पोरं नळानं नेली आणि नळ मी तुझ्या तोंडाला लावला?" पुढची बाटली उचलत म्हणाले, "ती मोडून जाईल."

मला खरं तर राग आला होता. मोडण्याची भीती वहिनींसाठी किती आणि स्वतःसाठी किती, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग नंदाला दिवस गेले.

नंदा डोंबिवलीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कोणी ठरवायला बसत नाही. सासरच्यांनी तर सहावा सरता सरताच तिला आणून पोचवली. तावडे त्या आठवड्यात वेड लागल्यासारखे वागले. आधी म्हणाले, तिला कांदिवलीला मावशीकडे ठेवू. वहिनी म्हणाल्या, "माहेर असताना मावशीकडे? लोक काय म्हणतील, आई करंटी म्हणून लेकीला बाहेर काढली?" मग एका दुपारी ते माझ्याकडे आले. चेहरा असा की चोरी करून आलेत.

"बाई, मी एक थाप मारली."

"कसली?"

"वर्सोव्याच्या कोळीवाड्यात देवीची विहीर आहे. गरोदर बाईनं तिचं पाणी प्यायलं तर पोर सुखरूप येतं. मला कोळणीनं सांगितलं."

"आहे का अशी विहीर?"

"बघून सांगतो," ते म्हणाले. ही त्यांची सवय, जेवलात का विचारलं तरी तेच उत्तर. मग स्वतःच ओशाळले. "नाही हो. शाळेचा नळ आहे. तपासलाय ना आपण."

ज्या माणसानं आयुष्यात देवाला हात जोडले नाहीत त्यानं देवीची विहीर खणली. आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. नवऱ्याला उशिरा का होईना बुद्धी झाली.

रोज शाळा सुटली की तावडे दहा दहा लिटरचे दोन कॅन भरायचे आणि दोन्ही हातांत घेऊन चालत घरी जायचे. रिक्षाला हात करायचे नाहीत, वर्सोव्याहून चालत आलो असं दिसायला हवं ना. तळहातांना घट्टे पडले. शिपाई त्यांना पाणीवाले तावडे म्हणायला लागला. पण त्या दिवसांत मी त्यांना खुशीत पाहिलं. शीळ घालायचे. एकदा तर मला म्हणाले, "बाई, उपाय सापडला की माणूस हलका होतो." वीस लिटर पाणी हातात घेऊन म्हणाले.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. मलाही बोलावणं होतं. खोली बायकांनी गच्च भरली होती. नंदा हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. ओटी काशीबाईंनी भरली. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या होत्या, स्वतःच्या लेकीपासून चार हात लांब.

मग वहिनी पळी-पंचपात्र घेऊन सगळ्यांसमोरून फिरल्या. प्रत्येकीच्या तळहातावर एक एक पळी पाणी. "देवीच्या विहिरीचं," त्या सांगत होत्या. बायका ते पिऊन ओला हात केसांवरून फिरवत होत्या. नंदालाही एक पळी. मी हात पुढे केला आणि सहज देवघराकडे बघितलं. देवघराखाली, दोन्ही बाजूंना, थेट पलंगाखालपर्यंत पाण्यानं भरलेली भांडी मांडून ठेवली होती. कळशा, बरण्या, हॉर्लिक्सच्या बाटल्या. प्रत्येकीत तुळशीचं पान, प्रत्येकीला हळदकुंकवाची बोटं.

"एवढं साठवलंय?" मी विचारलं.

"तीर्थ वाया कसं घालवू, बाई?" वहिनी हळूच म्हणाल्या. "नंदाला सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक पळी देते. बिल्डिंगीत वाटते. उरतं ते ठेवते."

"आणि तहान लागली की?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. तेवढ्यात नंदाला ठसका लागला आणि काशीबाईंनी मोरीजवळच्या माठातून पेलाभर पाणी तिला दिलं. नंदा घटाघटा प्यायली. माठ घरच्या नळाचा. भात त्याच पाण्याचा, पेज त्याच पाण्याची, चहा त्याच पाण्याचा.

मी दाराकडे बघितलं. तावडे गॅलरीत पुरुषांबरोबर उभे होते आणि खिडकीतून आत बघत होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. ज्या माणसानं माझा डबासुद्धा सोडला नाही त्यानं पंधरा दिवसांत लेकीचा पेला कुठून भरला जातो ते पाहिलं नव्हतं. थाप इतकी छान जमली होती की पाणी पिण्यासारखं राहिलंच नव्हतं.

बायका गेल्या. मी निघाले तर तावडे म्हणाले, "बाई, तुम्ही थांबा. रंग तुम्ही बघितलाय." त्यांनी दार लावलं. वहिनी खाली सांडलेली फुलं गोळा करत होत्या. नंदा पलंगावर टेकली होती. आणि तावडे उभे राहून, प्रयोग सांगावा तसं सांगायला लागले. खड्डा, चुंबक, चाकू, दोन बाटल्या. विहीर नाही हेही सांगितलं. पोटातल्या बाळाला शिसं काय करतं ते सांगताना आवाज चिरकला, तरी थांबले नाहीत. शेवटी उशाशी ठेवलेल्या पेल्यांचंही सांगितलं.

वहिनींच्या ओंजळीत फुलं तशीच होती. मला वाटलं आता ही बाई कोसळते. मी पुढेही झाले.

त्या म्हणाल्या, "म्हणजे माज्यात काय खोट नव्हती?"

तावडे गडबडले. प्रामाणिक माणूस तो. "तसां नक्की सांगता येणां नाय. तिन्ही वेळा पाण्यानंच झालां असां..."

"माज्यावर ढकललां तेव्हा कोणी नक्की करून बघितलां होतां?"

इतक्या वर्षांत मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. नंदा उठून बसली.

"तुमका कदी कळलां ह्या?"

"दोन वर्सां झाली."

"दोन वर्सां," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्सां तुमी माका सांगूक नाय? माज्या लेकीची ओटी आज दुसऱ्या बाईनं भरली, आणि तुमी खिडकीत उभे ऱ्हवून बघलात?"

त्या रडायला लागल्या. पण ते रडणं मोडलेल्या माणसाचं नव्हतं. मी ते ओळखू शकले आणि माझ्यापेक्षा आधी तावड्यांनी ओळखलं असावं. ज्या गोष्टीनं बायको मरेल म्हणून ते दोन वर्षं गुदमरत होते, तिनंच ती सुटली होती. आणि तेवढी दोन वर्षं किल्ली त्यांच्या खिशात होती. ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यांच्याकडे बघवेना.

पुढचं भराभर झालं. नंदाची पिशवी वहिनींनीच भरली. मला म्हणाल्या, "बाई, तुमी हिला आत्ताच कांदिवलीला पोचवा. मी सकाळी येते मागून." लोक काय म्हणतील हा विषय पुन्हा निघाला नाही. तावडे उठून म्हणाले, "मी येतो." वहिनी म्हणाल्या, "खोलीत कोणीतरी ऱ्हवाक होया ना? बाळंतपण, सव्वा महिना, मग पुढचां सगळां. मालक टपून बसलोय. तुमी ऱ्हवा." ते खरंच होतं. म्हणजे त्यांना जायची सोयच नव्हती. ज्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढायचं होतं ती राखायला तेच मागे राहणार होते.

त्यानंतर शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली, आणि जूनमध्ये मी मुलुंडच्या शाळेत गेले, घर तिकडे हललं म्हणून. नंदाला मुलगी झाली, दोघी सुखरूप, असं तिचं पत्र आलं. तावड्यांची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. म्हणून त्या संध्याकाळचंच सांगते.

मी नंदाला धरून जिना उतरवला आणि अंगणात रिक्षा थांबवून वर पाहिलं. वहिनी पदर खोचून गॅलरीत आल्या होत्या. शेजारच्या दाराची कडी त्यांनी जोरात वाजवली. "शेवंते, बाहेर ये गो. तुका सांगूचा आसा." शेवंती बाहेर आली, तिचंही गेल्या वर्षी पोटातच गेलं होतं. वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले. काय म्हणाल्या ते सगळं खाली ऐकू आलं नाही, "तुज्यात काय नव्हतां, माज्यात काय नव्हतां," एवढं मात्र आलं. मग पुढचं दार. मग काशीबाईंचं. तावडे आपल्या उंबऱ्यात उभे होते. बायकांच्या घोळक्यात त्यांना जाता येत नव्हतं, आणि आत जाऊन दार लावून घेण्याचं धैर्यही नसावं.

काशीबाई सत्तरीच्या. त्यांनी वहिनींचं ऐकून घेतलं, मग कठड्याला धरून तावड्यांकडे वळल्या. "ओ तावड्यांनू," त्या म्हणाल्या, "ह्या खरां काय? माजे दोन, ते पण? नक्की?"

सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. वहिनी बघत नव्हत्या. त्यांची पाठ होती. काशीबाईंची पोरं चाळीस वर्षांपूर्वी गेलेली, कशानं गेली हे जगातल्या कुठल्याही नळकांड्यात दिसणार नव्हतं, आणि ते तावड्यांइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? मी खालून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एकदा बायकोच्या पाठीकडे पाहिलं, एकदा काशीबाईंकडे.

"नक्की," तावडे म्हणाले.

काशीबाई खाली बसल्या. शेवंती त्यांच्याजवळ गेली. वहिनी वळल्या नाहीत, पण क्षणभर थांबल्या, आणि मग त्यांनी पुढच्या दाराची कडी वाजवली.